गृहशोभेचे फायकस वृक्ष

वड, पिंपळ, उंबर इ. वृक्ष ज्या फायकस प्रजातीत (कुल-मोरेसी) मोडतात, तिच्यातील काही जाती शोभेसाठी घरात कुंडीत वाढवितात. या प्रजातीत सु. ८५० जाती असून त्या मुख्यतः उष्ण प्रदेशांत आढळतात. भारतीय रबर (फा. इलॅस्टिका), लोंबत्या फांद्यांचा फा. बेंजामिना व पश्चिम आफ्रिकेतील मोठ्या पानांचा फा. लायराटा हे घरांत विशेष प्रचलित आहेत.

चंद्रपूर व गडचिरोली (१९८२ पर्यंत एकच जिल्हा) यांच्या वनांत वड, पिंपळ व उंबर आढळतात. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेले वड-पिंपळाचे बी झाडाच्या बेचक्यात किंवा भिंतीच्या फटीत रुजते व मुळे कालांतराने जमीन गाठतात. थोडक्या मातीत तग धरण्याचा असाच गुण रबर व बेंजामिना यांतही असून त्यामुळे ते कुंडीत टिकतात. मात्र जुन्या वास्तूंना हाच गुण घातक ठरतो. चंद्रपूरच्या गोंडकालीन किल्ल्याचा तट झाडाझुडपांनी ग्रासला होता. २०१७ मध्ये इको-प्रो या स्थानिक संस्थेने श्रमदानाने तो मोकळा करण्यास प्रारंभ केला.

महाराष्ट्रात या वृक्षांचे परंपरागत स्थान घराबाहेर, गावच्या पारावर वा देवळाच्या आवारात असे. वटपौर्णिमेस पूजेसाठी फांदी घरी आणली जाई. पण भिंतीत उगवलेला पिंपळ घराला अनिष्ट मानीत आणि तो तोडण्यासही लोक कचरत. दिवाणखान्यातील फायकसची प्रथा यूरोपातून आली. लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांना १८२९ मध्ये बंद बाटलीत नेचा वाढलेला आढळला. त्यावरून केलेल्या काचपेट्यांतून १८३३ मध्ये वनस्पती सिडनीपर्यंत सुखरूप पोहोचल्या. त्यानंतर उष्ण प्रदेशांतील वनस्पतींची ने-आण सुकर झाली व जाड, चकचकीत पानांचे रबर यूरोपीय घरांत रूढ झाले. अमेरिकेच्या नासा संस्थेच्या १९८९ च्या अहवालानंतर बेंजामिना हवा शुद्ध करणारा म्हणून गाजला. परंतु ते प्रयोग लहान बंद कक्षांतील होते. नेहमीच्या घरात कुंड्यांचा हा परिणाम नगण्य असल्याचे २०१९ मधील पुनर्विलोकनात दिसून आले.

या झाडांना खिडकीजवळचा भरपूर पण सौम्य प्रकाश व पाण्याचा चांगला निचरा लागतो. वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावे. साचलेल्या पाण्याने मुळे कुजतात. जागा बदलताच बेंजामिनाची पाने गळतात, म्हणून कुंडी वारंवार हलवू नये. चंद्रपूरकडील उन्हाळ्यात तापमान ४५° से.पेक्षाही वर जाते. तेव्हा झाड उष्ण वाऱ्यापासून दूर ठेवून पाने ओल्या फडक्याने पुसावीत. छाटणीनंतर झरणारा पांढरा चीक त्वचेला दाहक ठरू शकतो. रबराची अभिवृद्धी गुटी कलमाने करतात.

कुंडीत न मावणारे झाड बाहेर लावताना ते इमारती, विहिरी, जलवाहिन्या व जुने तट यांपासून दूर, मोकळ्या जागीच लावावे. कुंडीने रोखलेली त्याची मुळे जमिनीत दूरवर पसरतात.