बाणकोट-हर्णैच्या मिशन शाळा : एका फसलेल्या कामाचे फलित

जयगडहून किनाऱ्याने उत्तरेकडे निघाले की शास्त्री, वाशिष्ठी, जोग आणि सावित्री या नद्यांच्या मुखांशी वसलेली बंदरे एकामागून एक लागतात आणि बाणकोटला रत्नागिरी जिल्हा संपतो. या पट्ट्याच्या उत्तर भागात १८२० नंतरच्या दशकात स्कॉटलंडहून आलेल्या पाद्र्यांनी मुलांसाठी शाळा काढल्या आणि दहा-बारा वर्षांत ते येथून निघूनही गेले. कोकणच्या इतिहासात या प्रकरणाची बोळवण बहुधा चार ओळींत होते. जयगडात राहून जिल्ह्याच्या शिक्षणाचा इतिहास वाचताना मला ते अपुरे वाटत आले आहे. परमुलखात जाऊन गरिबांच्या मुलांची सेवा करणाऱ्यांनी काय दिले, त्याबदल्यात काय मागितले आणि मुलांनी प्रत्यक्षात काय घेतले, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. या शाळांच्या निमित्ताने ते एकत्र तपासता येतात.

आधी काळ पाहू. १८१८ च्या जूनमध्ये जयगड इंग्रजांच्या हाती गेला. पेशवाई बुडाली होती आणि किनाऱ्यावरचे किल्ले एकेक करून उतरत होते. बाणकोटची गोष्ट निराळी होती. तो किल्ला १७५६ पासूनच कंपनीकडे होता आणि इंग्रज त्याला ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ म्हणत. दक्षिण कोकणचे मुख्य ठाणेही आधी बाणकोटलाच होते. १८२२ मध्ये ते रत्नागिरीला हलले.

१८१३ च्या सनदेने मिशनऱ्यांना हिंदुस्थानात येण्याची वाट मोकळी झाली होती. स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे पहिले पाद्री डोनाल्ड मिचेल १८२३ मध्ये मुंबईत आले. ते पूर्वी कंपनीच्या फौजेत अधिकारी होते. आल्या वर्षीच ते वारले. त्यांच्या मागोमाग जेम्स मिचेल, जॉन कूपर, अलेक्झांडर क्रॉफर्ड आणि जॉन स्टीव्हन्सन आले. त्यांची नजर पुण्यावर होती. पण नुकत्याच जिंकलेल्या पेशव्यांच्या राजधानीत धर्मप्रचार सुरू झाला तर लोक बिथरतील, अशी सरकारला धास्ती होती. म्हणून हे लोक बाणकोट आणि हर्णै येथे राहिले. म्हणजे कोकणच्या गरिबीची हाक ऐकून ते आले असे म्हणता येत नाही. पुण्याचे दार बंद होते, म्हणून ते इकडे आले.

गावोगावी त्या वेळी पंतोजींच्या शाळा होत्या. धुळपाटीवर अक्षरे गिरवायची, पाढे, पावकी, निमकी घोकायची आणि मोडी वळण शिकायचे, एवढा त्यांचा अभ्यास. मिशनने नवे शिक्षक कुठून आणायचे? त्यांनी इथलेच पंतोजी पगारावर नेमले. ते हिंदू होते आणि बहुतेक ब्राह्मण. मुलांना अक्षरओळख आणि हिशेब तेच शिकवीत आणि पाद्र्यांनी दिलेली ख्रिस्ती प्रश्नोत्तरेही तेच पाठ करून घेत. मुंबईत अमेरिकन मिशनचा छापखाना १८१७ पासून मराठी मजकूर छापत होता. छापील बाळबोध अक्षर मुलांच्या हाती पडण्याचा तो आरंभकाळ होता.

हा सरळ सौदा होता. पाद्र्याला मुलाच्या कानावर शुभवर्तमान घालायचे होते आणि आईबापांना मुलगा लिहिता-वाचता करायचा होता. दोघांनाही एकमेकांचा हेतू ठाऊक होता. धर्मांतराच्या मापाने पाहिले तर पाद्र्यांच्या हाती जवळजवळ काही लागले नाही. मुले प्रश्नोत्तरे घोकत, अक्षर शिकत आणि घरी जाऊन देवाला नमस्कार करीत.

आणखी एक अडचण जातीची होती. गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी शिक्षणावरच्या आपल्या प्रसिद्ध टिपणात लिहिले की मिशनऱ्यांना सर्वांत चांगले विद्यार्थी खालच्या जातींत मिळतात. पण त्याच टिपणात त्यांनी सावध केले की नवे शिक्षण प्रथम तिथे रुजले तर ते पुढे वर पसरणार नाही. ज्या मुलांना शाळेची गरज अधिक होती, त्यांच्याबद्दल राज्यकर्त्यांचे धोरण असे हात आखडते होते. आणि गावच्या पंतोजीने महाराच्या मुलाला जवळ बसवावे, ही अपेक्षा त्या काळी कोण करणार?

या शाळांतून मुले किती शिकली याहून पाद्री काय शिकले, हे मला महत्त्वाचे वाटते. जॉन विल्सन आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट १८२९ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरल्या, पण विल्सन यांचे पहिले कित्येक महिने बाणकोट आणि हर्णै येथे मराठी शिकण्यात गेले. त्याच वर्षी त्यांनी मराठीत प्रवचन करण्यापर्यंत मजल मारली. मार्गारेटबाईंनी पुढे मुंबईत मुलींच्या शाळा उभ्या केल्या आणि १८३५ मध्ये तिथेच देह ठेवला. स्टीव्हन्सन यांचे मराठी व्याकरण १८३३ मध्ये छापले गेले.

तोवर कोकणातले ठाणे मोडत आले होते. जेम्स मिचेल पुण्याला गेले, तर रॉबर्ट नेस्बिट हर्णै सोडून पुढे मुंबईत स्थिरावले. १८३५ मध्ये सोसायटीने मुंबई इलाख्यातले काम चर्च ऑफ स्कॉटलंडकडे सोपवले.

या स्थलांतरातून दोन धागे निघतात. पहिला पुण्याचा. स्कॉटिश मिशनच्या तिथल्या शाळेत १८४१ ते १८४७ या काळात जोतीराव फुले शिकले. १८४८ मध्ये त्यांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण घेतले ते मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी शाळेतून विद्या घेतली आणि ती शूद्रातिशूद्रांच्या दारी स्वतःच्या अटींवर नेली. बाणकोटच्या पंतोजींकडून जे झाले नव्हते, ते इथे झाले.

दुसरा धागा मुंबईचा आणि तो दुखरा आहे. १८४३ मध्ये नेस्बिट यांच्या सहवासातला तरुण विद्यार्थी नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, वय सुमारे बारा, तोही नेस्बिट यांच्या घरी जाऊन राहिला. बापाने न्यायालयात धाव घेतली आणि न्यायालयाने मुलगा बापाच्या ताब्यात दिला. मग प्रश्न उभा राहिला की परधर्मीयाच्या घरी जेवलेल्या मुलाला जातीत घ्यायचे कसे? ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर, आमच्याच कोकणातल्या पोंभुर्ल्याचे, त्याला परत घेण्यासाठी उभे राहिले आणि त्यापायी त्यांनी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. मुलाला प्रायश्चित्तासाठी काशीला पाठवण्यात आले. या साऱ्या ओढाताणीत धर्म होता, जात होती, कायदा होता. बारा वर्षांच्या पोराचे म्हणणे मात्र कोणाच्याच हिशेबात फारसे नव्हते.

कोकणात मिशनच्या शाळा पुढे पुन्हा आल्या. दापोलीच्या मिशन हायस्कूलमध्ये महामहोपाध्याय पां. वा. काणे शिकले आणि साने गुरुजीही. एकाने धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला, तर दुसऱ्याने पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून १९४७ मध्ये उपोषण केले. ती शाळा निराळ्या मिशनची. पण सौदा तोच आणि त्याचे फलितही पाद्र्यांनी ठरवलेले नव्हते.

आज पाश्चात्त्य देशांतून तरुणांचे गट पंधरा दिवसांसाठी आशिया-आफ्रिकेतल्या वस्त्यांत जातात, मुलांना खेळवतात, शिकवतात, एखादी भिंत रंगवतात आणि परततात. त्यांच्या सद्हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण बाणकोटच्या अनुभवावरून मी अशा कामाला तीन प्रश्न विचारतो. येणाऱ्याने मुलांची भाषा शिकली का? तो गेल्यावर काम चालवणारा माणूस तिथलाच आहे का? आणि मुलाकडून जे मागितले जाते, ते त्याच्या आईबापांसमोर उघड सांगितले आहे का?

बाणकोटच्या पाद्र्यांनी पहिल्या प्रश्नाचे उत्तर खणखणीत दिले. दुसऱ्याचे अर्धे दिले, कारण पंतोजी इथले असले तरी शाळा पगारावर उभ्या होत्या आणि पगार थांबला की त्या टिकण्यासारख्या नव्हत्या. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पंतोजीच्या ओसरीवर होकारार्थी होते. श्रीपतच्या बापाला ते न्यायालयात जाऊन मागावे लागले.