ब्ल्यू प्रिंट: उन्हाने काढलेली नक्कल

बालाघाटजवळ भरवेलीला मँगनीजची भूमिगत खाण आहे. खोदकाम पुढे सरकले की सर्वेक्षक पुन्हा मोजणी करतो आणि नकाशात भर घालतो. खाणीचा नकाशा अद्ययावत ठेवणे कायद्याने बंधनकारकच आहे. प्रती मात्र अनेक लागतात. त्या हाताने उतरवताना एक रेघ चुकली तर बोगदा भलतीकडेच निघायचा.

या अडचणीवरचा जुना उतारा म्हणजे ब्ल्यू प्रिंट. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी 1842 मध्ये ही छपाई शोधली. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांचे द्रावण कागदाला फासून तो अंधारात वाळवायचा. ट्रेसिंग कापडावर काळ्या शाईने काढलेला नकाशा त्यावर ठेवायचा, वर काच दाबायची आणि सगळे उन्हात धरायचे. ऊन लागते तिथे न विरघळणारा निळा रंग तयार होतो. रेघांखालचे द्रावण तसेच राहते आणि पाण्याने धुताच निघून जाते. निळ्यावर पांढऱ्या रेघांचा नकाशा तयार!

वनस्पतिशास्त्रज्ञ ॲना ॲटकिन्स यांनी 1843 पासून समुद्रशेवाळांचे असे निळे छाप पुस्तकरूपाने काढले. इंजिनिअरांनी ही रीत उचलली ती मात्र 1870 नंतर. भरवेलीची खाण आज चालवणाऱ्या मॉइल कंपनीचे मूळ असलेली मँगनीज कंपनी 1896 मध्ये मध्य प्रांतात निघाली, तोवर ब्ल्यू प्रिंट जगभरच्या इंजिनिअरिंग कचेऱ्यांत रुळली होती.

तिची एक खोड होती. धुऊन वाळलेला कागद आकसतो, म्हणून त्यावर पट्टी लावून माप घ्यायचे नाही, लिहिलेला आकडाच खरा मानायचा. दुरुस्ती धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने होई, कारण सोडा निळा रंग उडवतो आणि पांढरी रेघ उमटते.

विसाव्या शतकाच्या मध्यावर अमोनिया प्रिंट आली, पांढऱ्यावर निळ्या रेघांची. मग संगणकी प्लॉटर आले आणि निळा कागद गेला, पण नाव उरले. महाराष्ट्राच्या राजकारणात ते घरोघर पोहोचले मनसेमुळे. पक्षाने आपली ब्ल्यू प्रिंट सप्टेंबर 2014 मध्ये मांडली. आता कुठल्याही संकल्पाला, अगदी भाषणातल्या आश्वासनालाही, हे नाव मिळते.

खरी ब्ल्यू प्रिंट मूळ नकाशा पुरा झाल्यावरच निघायची. तेव्हा कोणी ब्ल्यू प्रिंट पुढे केली, तर आधी तिच्यातले आकडे विचारावेत.