बनी, गावरानी आणि घरचें बियाणें

मंठ्याकडील काळ्या रानांत दिवाळीच्या सुमारास फुललेली कपाशी पाहिली म्हणजे, हाच कापूस आपल्या पणजोबांनींहि वेचला असेल, असें सहज वाटतें. वस्तुस्थिति मात्र तशी नाहीं.

पूर्वीं या मुलखांत 'गावरानी' पिके. हिंगणघाटच्या नामांकित 'बनी'चेंच हें कूळ. कापूस देशी, पण धागा लांब व तलम. पुढें वऱ्हाड-मध्यप्रांतांत आखूड, जाड्याभरड्या धाग्याची परंतु अधिक रुई देणारी जात पसरली. सरकी काढण्याच्या कारखान्यांत दोहोंचें बियाणें मिसळलें आणि बनी आपल्या माहेरींच परकी झाली. निजामाच्या राज्यांत मात्र तिचा वंश टिकला व त्यांतूनच निवड करून 'गावरानी ६' सारखे वाण निघाले.

१९७० सालीं सुरतेस डॉ. चंद्रकांत पटेल यांनीं 'एच-४' हा संकरित वाण सिद्ध केला; २००२ मध्यें बीटी कपाशीस परवानगी मिळाली. उत्पन्न वाढलें, हें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु संकरित बियाणें दरवर्षीं विकत घ्यावें लागतें. त्यामुळें सरकी राखण्याचा घरोघरचा रिवाज मोडला.

मग जुन्या वाणाचें प्रयोजन काय? इंग्लंडांतील एक उदाहरण पाहूं. बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप नामक वेलीचें एक रानटी कलम १९१६ सालीं कॅनडांतून वाय येथील कृषिमहाविद्यालयांत आलें. त्या रानवट वेलीच्या बीजापासून प्रोफेसर सॅमन यांनीं 'ब्रूअर्स गोल्ड' ही प्रसिद्ध जात निर्माण केली. आज टाकाऊ ठरलेलें उद्यां आधार होतें, तें असें.

देशी कपाशी अवर्षण सोसते. पानें आकसविणारा विषाणुरोग तिला बाधत नाहीं. तिच्यांत गुणसूत्रें २६ व अमेरिकनींत ५२ असल्यानें दोहोंचा संकर कठीण, पण अशक्य नव्हे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेंत अशा वाणांचा संग्रह आहे, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि शीतगृहांत बीज टिकतें, तें बदलत्या हवेशीं व किडींशीं झुंजत नाहीं. तें काम शेतांतच व्हावयाचें. म्हणून नव्या कपाशीच्या कडेला गावरानीचीं दोन तासें राहूं द्यावीं आणि तिची सरकी पुन्हा घरांत यावी, एवढेंच आमचें मागणें आहे. पूर्वजांचा वाडा पडला तर पुन्हा बांधतां येतो. बुडालेलें बीज मात्र कोणत्याहि द्रव्यानें परत मिळत नाहीं.