३३ सामने आणि १११० सामने : वेगवेगळ्या काळांतल्या खेळाडूंची तुलना कशी करायची?

क्रिकेटवर बोलायला बसलं की एक प्रश्न हमखास येतो. ब्रॅडमन मोठा की सचिन? मग आवाज चढतात, कुणीतरी मोबाइलवर आकडे काढतो, आणि वाद जिथून सुरू झाला तिथेच संपतो. आज आपण हा वाद सोडवणार नाही. पण तो घालताना आपण काय गृहीत धरतो, ते जरा तपासून बघू. कारण आमचं म्हणणं असं आहे, की दोन काळांतलं अंतर मोजायला आपल्याकडे बरी साधनं आहेत. खरी अडचण आहे ती एकाच काळातल्या दोन माणसांची, आणि तिच्याकडे आपलं लक्षच जात नाही.

सुरुवात सोप्या खेळापासून करू. धावणं. त्यात पंच नाही, खेळपट्टी नाही, फक्त घड्याळ. जेसी ओवेन्सनं १९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये १०० मीटर १०.३ सेकंदांत पार केले. त्याच शहरात, त्याच स्टेडियममध्ये २००९ साली उसेन बोल्टनं ९.५८ सेकंदांची वेळ नोंदवली. कागदावर बघाल तर बोल्ट रेषेवर पोचतो तेव्हा ओवेन्स जवळपास सात मीटर मागे आहे. आता ओवेन्स धावला कशावर? कोळशाच्या राखेच्या पृष्ठभागावर. सुरुवातीला पाय रोवायला ठोकळे नव्हते. हातात लहानशी खुरपी घेऊन त्यानं स्वतःच मातीत खड्डे खणले होते. बोल्टच्या पायाखाली ऊर्जा परत देणारा कृत्रिम ट्रॅक होता. म्हणजे त्या सात मीटरांतले काही मीटर जमिनीचे आहेत, माणसाचे नाहीत. किती, ते काटेकोर सांगता येणार नाही. पण कशामुळे, ते सांगता येतं. आणि ज्याचं कारण कळलं त्याची वजावट करता येते.

क्रिकेटमध्ये ही वजावट फार गुंतागुंतीची होते. डॉन ब्रॅडमन : ५२ कसोटी, ८० डाव, ६९९६ धावा, सरासरी ९९.९४. ऑगस्ट १९४८ मध्ये ओव्हलवर शेवटच्या डावात चार धावा केल्या असत्या तरी सरासरी शंभर झाली असती. एरिक हॉलीजनं शून्यावर त्रिफळा उडवला. सचिन तेंडुलकर : २०० कसोटी, १५,९२१ धावा, सरासरी ५३.७८. सचिनच्या बाजूचे लोक म्हणतात, ब्रॅडमन कसोटी खेळला फक्त दोन देशांत, सगळी मिळून दहा मैदानं. खरं आहे. १९३५ पर्यंत उजव्या यष्टीबाहेर टप्पा पडलेल्या चेंडूवर पायचीत देताच येत नव्हतं, तेव्हा फलंदाजाला पॅड पुढे करून उभं राहणं सोपं होतं. तेही खरं. दुसऱ्या पारड्यात काय? हेल्मेट नाही. पाऊस आला तर भिजणाऱ्या उघड्या खेळपट्ट्या. १९३४ मध्ये लॉर्ड्सवर पाऊस पडून गेल्यावर हेडली व्हेरिटीनं एकट्यानं १०४ धावांत १५ बळी घेतले. तशा खेळपट्टीवर आजच्या कुठल्या फलंदाजाला उभं करायचं, ते तुम्हीच ठरवा.

असं एकेक वजन टाकत बसलं तर संध्याकाळ होईल. म्हणून अभ्यासक दुसरा रस्ता घेतात. खेळाडूला परक्या काळातल्या खेळाडूशी भिडवायचं नाही, आधी त्याच्याच काळातल्या इतरांशी ताडून बघायचं. जो पाऊस ब्रॅडमनवर पडला तोच वॉल्टर हॅमंडवर पडला. हॅमंड ५८ च्या पुढे गेला, हर्बर्ट सटक्लिफ आणि जॉर्ज हेडली साठीच्या किंचित वर थांबले. ब्रॅडमन शंभराला टेकला. हे अंतर विलक्षण आहे, आणि कुठल्याही काळात असं दुसरं सापडत नाही. अमेरिकन शास्त्रज्ञ स्टीफन जे गुल्ड यांनी बेसबॉलच्या बाबतीत एक इशारा देऊन ठेवलाय : खेळ परिपक्व होतो तसा सर्वसाधारण खेळाडूचा दर्जा वर चढतो, आणि सर्वोत्तम व सर्वसाधारण यांच्यातली फट बुजत जाते. म्हणून जुन्या काळात उत्तुंग शिखरं दिसतात. शिखरं खचलेली नसतात, पायथा वर आलेला असतो. हा इशारा लक्षात घेऊनही ब्रॅडमन वेगळाच उरतो, असं आमचं मत.

तर पद्धत हाती आली : समकालीनांशी ताडा, मग काळ ओलांडा. छान. पण ही पद्धत एक गोष्ट मुकाट्यानं धरून चालते. ती अशी, की त्या काळातले सगळे चांगले खेळाडू मैदानावर होते आणि सगळ्यांचे आकडे लिहिले गेले.

आता पुण्यात या. एकोणिसाव्या शतकाची शेवटची दहा वर्षं. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या क्लबात एक पोरगा खेळपट्टीवर रूळ फिरवतोय, जाळी बांधतोय. पालवणकर बाळू. जन्म १८७६ च्या सुमाराचा, धारवाडचा. घराणं मूळचं कोकणातलं, जात चांभार, वडील फौजेत. मैदानाची कामं उरकली की तो साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचा. डावरा, संथ फिरकी. जे. जी. ग्रेग हा त्या वेळचा मुंबई इलाख्यातला सर्वांत नावाजलेला गोरा फलंदाज बाळूला तासन्‌तास गोलंदाजी करायला लावायचा. बाद केलंस की आठ आणे, असा सौदा होता म्हणतात. बॅट मात्र त्याच्या हाती कधी दिली गेली नाही, तीही गोष्ट सांगतात. फलंदाजी साहेबांनी करायची, घाम नेटिवानं गाळायचा.

मग पुण्यातल्या हिंदूंच्या संघाला गोऱ्यांना हरवायची ईर्ष्या लागली, आणि जिंकून देऊ शकेल असा गोलंदाज तर त्याच मैदानावर रूळ ओढत होता. घ्यावा की नाही, यावर संघात मतभेद झाले. शेवटी घेतलं. मैदानावर चेंडू सगळ्यांच्या हातातून फिरायचा, बाळूनं टाकलेलाच चेंडू ब्राह्मण क्षेत्ररक्षक उचलून परत फेकायचा. पण चहाची वेळ झाली की बाकीचे आत, बाळू बाहेर. त्याला चहा मातीच्या पेल्यात, जेवण वेगळं. हे कुठल्या धावफलकात दिसणार?

प्लेगच्या धामधुमीनंतर पालवणकर मंडळी मुंबईला आली. बाळू परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळू लागला. १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळूच्या गोलंदाजीचा मोठा वाटा. तेव्हाच्या देशी वर्तमानपत्रांना तो निव्वळ क्रिकेटचा विजय वाटला नाही, हे वेगळं सांगायला नको.

आता या माणसाला आपल्या पद्धतीनं मोजून बघू. प्रथम श्रेणीचे सामने ३३, बळी १७९, सरासरी १५.२१. आकडा झकास आहे. पण घाई नको. त्या काळी धावसंख्या लहान असायच्या, मुंबईच्या स्पर्धेचे सामने बहुतेक पावसाळ्याच्या शेवटाला व्हायचे आणि ओलसर खेळपट्टी डावऱ्या फिरकीला हवी तशीच. म्हणजे १५ ही सरासरी थोडी फुगलेली, किंवा इथे आकडा लहान असणं चांगलं म्हणून म्हणा, थोडी आक्रसलेली. वजावट करायला हवी.

ती करायला एक उत्तम संधी इतिहासानं दिली आहे. १९११ मध्ये पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली हिंदू, पारशी, मुसलमान असा मिश्र भारतीय संघ इंग्लंडला गेला. कप्तानाला दरबारी कार्यक्रमांतून मैदानासाठी सवड कमीच मिळाली. संघ सपाटून हरला. प्रथम श्रेणीच्या १४ सामन्यांत जिंकले दोनच. आणि तो उन्हाळा इंग्लंडमधला गाजलेला कडक, कोरडा उन्हाळा. कठीण, सुकलेल्या खेळपट्ट्या, म्हणजे फलंदाजांची चैन. बाळू पस्तिशीचा. अशा दौऱ्यात त्यानं ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. त्यातले काही सामने दुय्यम दर्जाचे होते, हे धरूनही हा आकडा नीट बघा.

कशाशी ताडायचा? ३५ वर्षं पुढे जा. १९४६ च्या दौऱ्यात विनू मंकडनं प्रथम श्रेणीत १२९ बळी घेतले, सरासरी २०.७६, शिवाय हजारावर धावा. तोही डावरा फिरकीवालाच. मंकडच्या पाठीशी मर्चंट, हजारे यांच्या धावा होत्या, भरपूर सामने जिंकणारा संघ होता, आणि तो उन्हाळा पावसाळी होता. मंकडचं मोठेपण आम्ही तसूभर कमी करत नाही. अष्टपैलू म्हणून त्याच्या जवळपास बाळू येत नाही. पण निव्वळ गोलंदाज म्हणून तुलना करायची तर बाळू मागे पडत नाही. बघा, दोन काळांची तुलना झाली की नाही? फार अवघड गेली नाही.

अवघड तुलना आता येते. त्या काळी कौतुकानं लिहिणारे बाळूला हिंदुस्थानचा ऱ्होड्स म्हणत. विल्फ्रेड ऱ्होड्स, यॉर्कशायरचा. जन्म १८७७, म्हणजे बाळूच्याच बरोबरीचा. तोही डावरा, तोही संथ फिरकीचा. प्रथम श्रेणीचे सामने १११०. बळी ४२०४, सरासरी पावणेसतराच्या आसपास. १८९९ मध्ये पहिली कसोटी खेळला, ती डब्ल्यू. जी. ग्रेसची शेवटची कसोटी होती. १९३० मध्ये किंग्स्टनला शेवटची खेळला तेव्हा वय बावन्न, आणि समोर तरुण जॉर्ज हेडली द्विशतक ठोकत होता.

एकाच काळातली, एकाच कलेतली दोन माणसं. एकाला १११० सामने, दुसऱ्याला ३३. यात पाऊस नाही, हेल्मेट नाही, पायचीतचा नियम नाही. यात काळाचा काही दोषच नाही. कशाची वजावट करणार?

कुणी म्हणेल, इंग्लंडमध्ये भेद नव्हता का? होता. ऱ्होड्स पैसे घेऊन खेळणारा व्यावसायिक. हौशी सभ्य गृहस्थ वेगळ्या दारानं मैदानावर यायचे, व्यावसायिक वेगळ्या. धावफलकावर नावाची आद्याक्षरं लिहायची पद्धतसुद्धा निराळी. यॉर्कशायरचं कप्तानपद ऱ्होड्सला मिळालं नाही, आणि इंग्लंडनं नियमित कप्तान म्हणून व्यावसायिक नेमला तो थेट १९५२ मध्ये, लेन हटन. पण तिथल्या दारातून ऱ्होड्सला आत तर येता येत होतं. आठवड्याचे सहा दिवस, उन्हाळाभर, तीस वर्षं चेंडू टाकायचा पगार मिळत होता. बाळूला आपल्या देशात वर्षाला मोठे सामने किती? एक, फार तर दोन. पुण्यातली ती तरुण वर्षं, हात सर्वांत ताजा असतानाची, जाळीतल्या साहेबांवर खर्च झाली. जाळीतल्या बळींची नोंद कोण ठेवतो!

कप्तानपदाचं बघा. बाळू हिंदूंचा सर्वांत अनुभवी खेळाडू झाला, तरी कप्तानपद त्याच्याकडे आलं नाही. धाकटे भाऊ शिवराम आणि विठ्ठल हेही संघातले पहिल्या फळीचे खेळाडू. १९२० मध्ये पालवणकरांना डावलून दुसऱ्याला कप्तान केलं, तेव्हा या दोघांनी जाहीर पत्रक काढून माघार घेतली. ओरड झाली. मग अंतिम सामन्यात बाळूला उपकप्तान म्हणून परत बोलावलं. त्या हंगामानंतर तो प्रथम श्रेणीत खेळला नाही. भारताची पहिली कसोटी लॉर्ड्सला झाली १९३२ मध्ये. तेव्हा तो पंचावन्न ओलांडून गेला होता.

म्हणून हल्ली सर्वकालीन भारतीय संघ निवडायचे जे खेळ चालतात, त्यांत डावऱ्या फिरकीच्या जागेवर मंकड की बेदी यावर हिरीरीनं भांडण होतं. बिशनसिंग बेदी २६६ कसोटी बळींचा धनी, त्याचा हक्क आहेच. पण बाळूचं नाव यादीत नसतं ते त्याला ताडून नाकारल्यामुळे नव्हे. यादी कसोटीच्या आकड्यांवरून काढलेली असते, आणि त्या रकान्यात त्याच्यासमोर काही नाही. आमचं स्पष्ट मत, की तो वादात असायला हवा. जिंकेल की नाही, ते नंतर बघू. आणि बाळूला निदान ३३ सामने मिळाले. त्याच्यासारखे आणखी किती जण कुठल्या जिमखान्यावर रूळ फिरवत राहिले, ज्यांना ग्रेगसारखा गिऱ्हाईक भेटला नाही की हरण्याला कंटाळलेला संघ भेटला नाही, त्यांची तर सरासरी काढायलाही जागा नाही.

१९२३ मध्ये हिंदूंनी कप्तान नेमला, विठ्ठल पालवणकर. त्या वर्षीची चौरंगी स्पर्धा हिंदूंनी जिंकली. विठ्ठल उत्तम फलंदाज होता, आणि त्यानं पुढे १९४८ मध्ये ‘माझे क्रीडा-जीवन’ हे पुस्तक मराठीत लिहिलं. मिळालं तर जरूर वाचा. बाळू त्यानंतर बरीच वर्षं जगला, राजकारणात उतरला, १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे खुद्द बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभा राहिला आणि हरला. तो एक स्वतंत्र आणि गुंतागुंतीचा विषय आहे, पुढच्या व्याख्यानात घेऊ. १९५५ मध्ये तो वारला. ऱ्होड्स तेव्हा हयात होता. दृष्टी गेली होती, तरी मैदानावर यायचा.