उन्हाळा, तंबू आणि पडदा : 'मराठीला पब्लिकच नसतं' म्हणणाऱ्यांसाठी

मंडळी, पोस्ट मोठी आहे. ऊन उतरेपर्यंत तसंही कुणी घराबाहेर पडत नाही, तेव्हा निवांत वाचा.

परवा भाचा सुट्टीला आला. सातवीची परीक्षा देऊन मोकळा झालेला. दुसऱ्याच दिवशी म्हणाला, "मामा, पिक्चरला जाऊया ना." मी हो म्हणून बसलो आणि मग लक्षात आलं, जायचं कुठं? आमच्या तालुक्याच्या गावात एकेकाळी दोन थेटरं होती. एकाचं मंगल कार्यालय झालं, दुसऱ्याच्या जागी गाळे निघाले. आता मराठी पिक्चर बघायचा तर ४५ किलोमीटरवर, जिल्ह्याच्या गावी, मॉलमध्ये. तिथं मराठीचा एकच शो, सकाळी सव्वानऊचा. पाच माणसांची तिकिटं, गाडीचं पेट्रोल आणि पोरांचे पॉपकॉर्न धरून हिशोब २,००० च्या वर गेला. तिकीट देणारा पोरगा सहज बोलून गेला, "काका, मराठीला पब्लिकच नसतं."

पोरगा साधा होता, त्याच्यावर राग नाही. पण ते वाक्य डोक्यात बसलं. सकाळी सव्वानऊला, ४५ किलोमीटरवर पब्लिक कुठून येणार? आणि खरंच नसतं का पब्लिक? मी काही समीक्षक नाही. वर्षाला चार-सहा पिक्चर बघणारा साधा माणूस आहे. पण या प्रश्नाचं उत्तर जुनं आहे आणि ते प्रत्येक वेळी उन्हाळ्यातच मिळालंय.

सुरुवातच बघा. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला तो ३ मे १९१३ ला. त्याआधी २१ एप्रिलला निवडक लोकांसाठी खास खेळ झाला होता. म्हणजे आपला पहिला पिक्चर हा उन्हाळ्यातला पिक्चर. त्यात तारामतीचं काम करायला बाई मिळेना, म्हणून हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या पोऱ्याला फाळक्यांनी लुगडं नेसवलं. पुढं १९१७ च्या 'लंका दहन'मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता अशी दोन्ही कामं केली. माझ्या आवडत्या नटांच्या यादीत पहिलं नाव त्यांचंच. आज कुणाला त्यांचा चेहरा आठवत नाही, पण लोक तेव्हा त्यांना बघायला गर्दी करत होते.

दादासाहेब नुसते मुंबईत बसून राहिले नाहीत, हे महत्त्वाचं. पडदा, यंत्र आणि रिळं बैलगाडीत घालून ते गावोगाव खेळ करत फिरले. प्रेक्षक आपल्याकडं येईल याची वाट बघितली नाही, आपणच त्याच्याकडं गेले. ही गोष्ट पुढच्या शंभर वर्षांची किल्ली आहे, लक्षात ठेवा.

आता उन्हाळाच का? नुसती शाळेची सुट्टी एवढंच कारण नाही. आपल्याकडं रब्बीची ज्वारी, गहू, हरभरा घरात येतो. साखर कारखान्यांचा हंगाम संपतो, ऊसतोड करणारी माणसं गावाकडं परततात. मृगाचा पाऊस पडेपर्यंत रानात फारसं काम नसतं. मुंबईचे चाकरमानी गावी येतात. चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा असतात, लग्नसराई असते. हातात चार पैसे, डोक्यावर रिकामा वेळ आणि घरात पाहुणे. माणसं एकत्र बसून काहीतरी बघायला तयार असतात ती याच दोन-अडीच महिन्यांत.

म्हणूनच तंबूतला सिनेमा जत्रांच्या मागं मागं फिरत वाढला. ज्यांनी टुरिंग टॉकीज पाहिलीय त्यांना सांगायला नको. ट्रकमधून तंबू उतरायचा, दिवेलागणीला कर्ण्यावर पुकारा व्हायचा. आमच्या जत्रेत पडदा मधोमध असायचा. पुढं बसायला जागा उरली नाही की आम्ही पोरं पलीकडं जाऊन बसायचो. तिकडून नावं उलटी दिसायची आणि हिरो डाव्या हातानं मारामारी करायचा. रीळ तुटलं की अख्खा तंबू ओरडायचा. कुणाला काही वाटायचं नाही. आजीला पडद्यावर देव दिसला की ती हात जोडायची.

आता १९७१ कडं येऊ. दादा कोंडके. नायगावच्या गिरणगावातला माणूस, अपना बाजारमध्ये नोकरी केलेला, 'विच्छा माझी पुरी करा' हे वसंत सबनीसांचं वगनाट्य गाजवून पिक्चरमध्ये आलेला. 'सोंगाड्या' तयार झाला आणि दादरच्या कोहिनूर थेटरात जागा मिळेना, कारण तिथं देव आनंदचा 'तेरे मेरे सपने' चालवायचा होता. दादा बाळासाहेब ठाकऱ्यांकडं गेले, शिवसैनिक थेटरवर पोचले आणि 'सोंगाड्या' लागला. ही गोष्ट आपण राजकारणाची म्हणून सांगतो. मला ती दुसऱ्या कारणासाठी महत्त्वाची वाटते. आंदोलनानं फक्त पडदा मिळाला. पुढचे आठवडे पिक्चर भरला तो गिरणीतल्या पाळ्या संपवून आलेल्या माणसांनी. कुणी त्यांना हाताला धरून आत बसवलं नव्हतं. दादांच्या लागोपाठ नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केला आणि त्यांचं नाव गिनीज बुकात गेलं. ज्याला जागाच द्यायची नव्हती, त्याची ही गत!

दादांचे विनोद सगळे मला आवडतात असं नाही. काही आज घरच्यांबरोबर बघवत नाहीत. पण अर्ध्या चड्डीची नाडी लोंबवत शहाण्यांची फजिती करणारा तो साधा माणूस आपल्यातला वाटायचा, हे मान्य करायलाच पाहिजे.

त्याच काळातले माझे दुसरे आवडते म्हणजे निळू फुले. 'पिंजरा', 'सामना', 'सिंहासन'. गावातल्या बायका त्यांना खरोखर शिव्या घालायच्या, इतकं ते काम खरं. प्रत्यक्षात हा माणूस राष्ट्र सेवा दलात वाढलेला, पुण्यात माळ्याची नोकरी केलेला, चळवळींसाठी झोळी घेऊन फिरणारा. ज्या सत्तेच्या माजाविरुद्ध ते आयुष्यभर बोलले, तोच माज त्यांनी पडद्यावर इतका हुबेहूब उभा केला की आजही एखादा पुढारी तिरका हसला की आपण म्हणतो, "निळूभाऊ झालाय बघ."

मग आमची पिढी. १९८५ चा 'धुमधडाका', १९८८ चा 'अशी ही बनवाबनवी', आणि १९९३ च्या उन्हाळ्यातला 'झपाटलेला'. दहावीची परीक्षा संपलेली आणि आम्ही आठ जण चार सायकलींवर डबलसीट तालुक्याला. थेटर पत्र्याचं. दुपारचा खेळ म्हणजे भट्टी. पंखे होते, पण त्यांचा आवाजच जास्त. तरी तात्या विंचूनं डोळे उघडले तेव्हा पिटातल्या पोरांनी खुर्च्यांवर पाय वर घेतले होते. रामदास पाध्यांचा बाहुला, दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू आणि त्यात आमचा लक्ष्या. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ मध्ये गेले तेव्हा ते जेमतेम पन्नाशीचे होते. घरातलं कुणीतरी गेल्यासारखं वाटलं होतं, हे इथं वाचणाऱ्या कित्येकांना पटेल.

आणि अशोकमामा! बँकेत नोकरी केलेला माणूस. १९७५ च्या 'पांडू हवालदार'मध्ये दादांसमोर उभा राहिला आणि अजून उभा आहे. २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. आमच्या मते उशीरच झाला.

पुढचा पुरावा २००९ चा. हा फारसा कुणाला आठवत नाही. त्या एप्रिल-मे-जूनमध्ये हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्यात कमाईच्या वाट्यावरून भांडण लागलं. सुमारे दोन महिने मोठे हिंदी पिक्चर मल्टिप्लेक्सला आलेच नाहीत. पडदे रिकामे. नेमका त्याच एप्रिलमध्ये 'मी शिवाजीराजे भोसले बोलतोय' आला. मुंबईतल्या साध्या मराठी माणसाची कुचंबणा सांगणारा, सचिन खेडेकरांचा. जे पडदे एरवी मराठीला मिळायचे नाहीत ते मोकळे होते, आणि लोकांनी ते भरून दाखवले. पिक्चरमध्ये दम होता हे खरंच. पण जागा नसती तर तो दम कळला कुणाला असता?

एप्रिल २०१५ मध्ये सरकारनं ठरवलं की मल्टिप्लेक्सनी संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत मराठी पिक्चर दाखवावा. देशभर गदारोळ झाला, टिंगल झाली, आणि काही दिवसांतच ती वेळ दुपारी १२ ते रात्री ९ अशी मोठी करण्यात आली. कागदावर नियम राहिला. पण दुपारी १२ चा शोही त्यात बसतो, मग संध्याकाळचा कोण देणार? शिवाय नियम मल्टिप्लेक्सचा. ज्या तालुक्यात थेटरच नाही तिथं त्याचा उपयोग काय?

आणि मग २९ एप्रिल २०१६. 'सैराट'. करमाळ्याच्या मातीतला पिक्चर, ओळखीचे चेहरे नाहीत, अकलूजची रिंकू राजगुरू बुलेटवर. मोबाईलवर फुटलेली कॉपी फिरत होती, तरी माणसं ट्रॅक्टर-टेम्पो भरून थेटरला गेली. साताऱ्याकडं तर रात्री १२ आणि ३ चे खेळ लावावे लागल्याच्या बातम्या आल्या. कमाई १०० कोटींच्या पुढं गेल्याचं सांगितलं गेलं. पब्लिक नसतं म्हणे! पहाटे तीनला जागं राहणारं पब्लिक होतं ते. आणि त्या शेवटाला सगळं थेटर गप्प झालं होतं. जातीचा प्रश्न भाषणात ऐकताना मान डोलावणारे आम्ही, त्या दिवशी गाडीत एकमेकांशी बोललो नाही.

योगायोग बघा, त्याच मे महिन्यात महाराष्ट्रातल्या तंबू सिनेमावरचा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट फ्रान्समध्ये कान महोत्सवात दाखवला गेला आणि त्याचा तिथं गौरव झाला. इकडं पिक्चर तुफान चालत होता, तिकडं तो दाखवणारे तंबू कसे संपत चाललेत ते जग बघत होतं.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलं. थेटरमालक काही खलनायक नाही. वीजबिल, पगार, दुरुस्ती, आणि घराघरात टीव्ही, मग केबल, मग मोबाईल. आठ माणसांसाठी खेळ चालवणं त्याला परवडत नाही. आणि मराठीत रद्दी पिक्चरही ढिगानं येतात, ते मराठी आहेत म्हणून कुणी बघावेत असं मी म्हणणार नाही. लोकांनी नाकारलं तर नाकारलं. पण नाकारायला आधी बघायला तरी मिळू दे की!

फाळक्यांची बैलगाडी, जत्रेतला तंबू, कोहिनूरचा पडदा, २००९ चे मोकळे पडदे, 'सैराट'चे रात्रीचे खेळ. माणसाच्या जवळ, त्याला परवडेल त्या पैशात, त्याला जमेल त्या वेळेला चांगला पिक्चर आला, तेव्हा त्यानं तो डोक्यावर घेतला.

म्हणून तीन साध्या गोष्टी सुचवतो.

पहिली, आमच्या नगरपालिकेच्या सांस्कृतिक भवनासारखी सभागृहं वर्षातले बहुतेक दिवस कुलूपबंद असतात. एप्रिल ते जून, शनिवार-रविवार तिथं रीतसर परवानगी काढून आणि हक्क घेऊन मराठी पिक्चर दाखवा. तिकीट ५० ते ८० रुपये ठेवा. नगरसेवक मंडळी इथं वाचतात हे मला माहीत आहे.

दुसरी, जत्रा कमिट्यांनी. ऑर्केस्ट्राला आपण लाखात पैसे मोजतो. एक रात्र पिक्चरची ठेवा. चोरीची कॉपी नको, निर्मात्याला पैसे देऊन.

तिसरी आपल्यासाठी. एखादा मराठी पिक्चर बघायचाच असेल तर पहिल्या शुक्रवार-शनिवार-रविवारी बघा. पुढच्या आठवड्याचे खेळ त्या तीन दिवसांच्या गल्ल्यावर ठरतात. "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणणाऱ्यांनीच अर्धे पिक्चर उतरवलेत, त्यात मीपण आहे.

भाच्याला शेवटी तो सव्वानऊचा शो दाखवला. सकाळी सहाला उठून, डबा बांधून गेलो. थेटरात आम्ही पाच आणि आणखी सहा जण. मध्यंतरात त्यानं विचारलं, "मामा, तुमच्या वेळी पण एवढीच माणसं असायची?"

काय सांगणार? पत्र्याखाली घामानं भिजलेली, खुर्च्यांवर पाय घेऊन बसलेली ती सगळी पोरं डोळ्यासमोर आली. म्हणलं, "नाही रे. थेटर गावात होतं तेव्हा."

तुमच्या गावात थेटर होतं का? नाव काय होतं, आता त्या जागेवर काय आहे, आणि उन्हाळ्यात बघितलेला कुठला पिक्चर अजून आठवतो? खाली लिहा. सगळी नावं एकत्र करून नगरपालिकेला एक अर्ज द्यायचा विचार आहे.