पूलचें जगज्जेतेपद

बिलियर्ड म्हटलें कीं आपल्यांपैकीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें जिमखान्यांतील एखादी शांत खोली उभी राहते: हिरव्या बनातीचें टेबल, त्यावर तीन चेंडू आणि हलक्या आवाजांत बोलणारे सभ्य गृहस्थ. पुण्यास जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ सालीं कलकत्त्यास जगज्जेते झाले ते याच खेळांत, आणि तेहि हौशी खेळाडू म्हणून. आज श्रोत्यांपुढें जी हकीकत मांडावयाची आहे ती बिलियर्डच्या अशा एका भावंडाची आहे, कीं ज्याला सभ्य घरांत बरेच दिवस कोणी उभें करीत नसे. पूल हें त्याचें नांव. पोटासाठीं खेळणाऱ्या माणसांनीं तो वाढविला, आणि जगांतील सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण, हा प्रश्न त्यांत शंभरांहून अधिक वर्षें भांडणाचा विषय होऊन बसला.

खेळाची बदनामी त्याच्या नांवांतच आहे. सर्वांनीं मिळून मांडलेल्या पणाच्या पैशास इंग्रजींत पूल म्हणतात. एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेच्या शहरांतून घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावण्याच्या खोल्या असत, त्या पूलरूम. दोन शर्यतींच्या मधला वेळ गिऱ्हाइकांनीं कसा घालवावा? मालकांनीं तेथें बिलियर्डचीं टेबलें मांडलीं. सट्ट्याचें नांव टेबलास चिकटलें, आणि नांवाबरोबर सट्टाहि चिकटला. बिचाऱ्या टेबलाचा यांत कांहीं अपराध नव्हता.

या खेळांत टेबलास सहा खिसे असतात आणि आंकडे घातलेले पंधरा रंगीत चेंडू असतात. काठीनें पांढरा चेंडू मारावयाचा आणि त्याच्या धक्क्यानें रंगीत चेंडू खिशांत घालावयाचे. याचाच एक प्रकार नऊ चेंडूंचा. त्यांत टेबलावरच्या सर्वांत लहान आंकड्याच्या चेंडूस पांढऱ्यानें प्रथम स्पर्श केला पाहिजे, आणि नववा चेंडू जो नियमानें खिशांत घालील त्याचा डाव. आठ चेंडू एकानें मोठ्या कष्टानें घालावे, नवव्याला त्याचा हात किंचित् हालावा, आणि दुसऱ्यानें उठून एका टोल्यांत डाव न्यावा, असें नेहमीं घडतें. जुगाऱ्यांस हा खेळ प्रिय व्हावा यांत नवल नाहीं.

१८५९ च्या एप्रिलमध्यें डेट्रॉइट शहरीं मायकेल फेलन व जॉन सीरायटर यांच्यांत बिलियर्डचा एक सामना झाला. पण होता १५,००० डॉलरांचा. फेलन जिंकला, तो स्वतः टेबलें तयार करणारा कारखानदार होता, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. पुढें कित्येक वर्षें या खेळांतील अजिंक्यपदें टेबलें विकणाऱ्यांच्याच आश्रयानें चाललीं. पूलचें पहिलें अजिंक्यपद १८७८ सालीं कॅनडांतून आलेल्या सिरिल डिऑन यानें मिळविलें. त्यानंतर मोठमोठे खेळाडू होऊन गेले. त्यांतील शेवटचा थोर पुरुष विली मॉस्कोनी यानें १९४१ ते १९५७ या काळांत पंधरा वेळां जगज्जेतेपद भोगलें, आणि १९५४ सालीं ओहायो संस्थानांतील स्प्रिंगफील्ड येथें एकहि चूक न करतां ओळीनें ५२६ चेंडू खिशांत घातले. कौशल्य निःसंशय अलौकिक. परंतु पदवी जगाची, आणि स्पर्धा भरे अमेरिकेंत, अमेरिकनांनीं, अमेरिकनांसाठीं. बाहेरचा खेळाडू आलाच तर तो अपवाद.

असा एक अपवाद मात्र फार मोठा होता. आल्फ्रेडो द ओरो हा क्यूबा बेटांतला. जन्म १८६३ चा. १८८७ सालीं त्यानें पूलचें अजिंक्यपद प्रथम जिंकलें, आणि पुढें पंचवीस वर्षें तें पुनःपुन्हां त्याच्याकडे येत राहिलें. हा गृहस्थ आपल्या देशाच्या परराष्ट्र खात्यांतहि नोकरीस होता. पूलरूममधून वकिलातींत आणि वकिलातींतून पूलरूममध्यें अशी ये-जा दुसऱ्या कोणी केल्याचें माझ्या तरी वाचनांत नाहीं. १९३४ सालीं, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षीं, तो पुन्हां स्पर्धेंत उतरला आणि गतवर्षींचा जगज्जेता एर्विन रुडॉल्फ यास त्यानें एका सामन्यांत हरविलें.

द ओरोचें बेट १८९८ च्या युद्धांत स्पेनच्या हातून सुटलें. त्याच युद्धानें पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस असलेलीं फिलिपाइन बेटें अमेरिकेच्या हातीं आलीं. दोन कोटि डॉलर मोजून अमेरिकेनें त्यांवरचा हक्क स्पेनकडून लिहून घेतला. अमेरिकन शिपायांबरोबर त्यांचे खेळ आले, त्यांत पूलहि आला. १९४६ सालीं बेटें स्वतंत्र झालीं, राज्यकर्ते गेले, टेबलें राहिलीं.

एफ्रेन रेयेस याचा जन्म १९५४ चा, पांपांगा प्रांतांतला. पांचव्या वर्षीं त्यास मनिला येथें चुलत्याकडे पाठविण्यांत आलें. चुलत्याचें पूलचें दुकान होतें. पोरगा दिवसभर तेथें पडेल तें काम करी, आणि रात्रीं गिऱ्हाइकें गेलीं कीं त्याच टेबलांवर झोंपे. उंची पुरेना म्हणून शीतपेयांच्या बाटल्यांच्या खोक्यांवर उभा राहून तो खेळावयास शिकला. त्या दुकानांत एफ्रेन नांवाचा दुसरा एक वडील खेळाडू असल्यामुळें यास सर्वजण ‘बाता’, म्हणजे त्यांच्या भाषेंत ‘पोर’, म्हणूं लागले. पुढें जग जिंकल्यावरहि तें नांव सुटलें नाहीं.

१९८५ सालीं रेयेस अमेरिकेंत गेला तो स्वतःच्या नांवानें नव्हे. ह्यूस्टन येथील स्पर्धेंत सीझर मोरालेस नामक कोणी अनोळखी फिलिपिनो आला आणि जिंकून गेला, तोच हा. त्याची कीर्ति त्याच्याआधीं तेथें पोंचली होती, चेहरा मात्र पोंचला नव्हता, आणि रेयेसशीं पैजेनें खेळावयास कोण धजला असता? मला वाटतें, या खेळांतील जुन्या व्यवस्थेची याहून बोलकी साक्ष मिळणार नाहीं. जेथें उदरनिर्वाह पैजेवर, तेथें सर्वश्रेष्ठ खेळाडूनें आपण सर्वश्रेष्ठ आहों हें लपवावयाचें असतें. उघड अजिंक्यपदाची गरज होती ती यासाठीं.

तें आतां हळूहळू आकार घेत होतें. १९८७ सालीं जागतिक पूल संघ स्थापन झाला, आणि १९९० सालीं जर्मनींतील बेर्गहाइम येथें नऊ चेंडूंचें पहिलें जगज्जेतेपद खेळलें गेलें. पहिलीं तीन वर्षें अमेरिकन जिंकले. १९९३ सालीं तैवानचा चाओ फाँग-पांग जिंकला, पुढल्या वर्षीं जपानचा ओकुमुरा, आणि मक्ता संपला. रेयेसनें १९९४ सालीं अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकली. ती जिंकणारा तो पहिला परदेशी. १९९६ सालीं हाँगकाँग येथें अर्ल स्ट्रिकलंडशीं त्याचा तीन दिवस सामना चालला. जो आधीं १२० डाव घेईल त्यास एक लाख डॉलर. रेयेस बराच मागें पडला होता. शेवटीं १२०–११७ असा जिंकला.

उरलें जगज्जेतेपद. १९९९ सालीं एक चमत्कारिक पेंच झाला: त्या एका वर्षीं जगज्जेतेपदें दोन! जागतिक संघाची स्पर्धा स्पेनमध्यें आलिकांते येथें भरली व ती अमेरिकेच्या निक व्हार्नरनें जिंकली; आणि दूरचित्रवाणीच्या पैशावर एका ब्रिटिश कंपनीनें वेल्समधील कार्डिफ येथें धंदेवाईक खेळाडूंची वेगळी स्पर्धा भरविली. कार्डिफच्या अंतिम सामन्यांत रेयेसनें तैवानच्या चांग हाओ-पिंग यास १७–८ असें हरविलें. पुढें जागतिक संघानेंहि कार्डिफचें पद मान्य केलें. फेलनच्या काळीं टेबलें विकणारा जगज्जेता ठरवी; आतां चित्रें दाखविणारा ठरवूं लागला. पण या वेळीं त्या चित्रांनीं मनिलाच्या घराघरांत बाता दिसला, आपल्या खऱ्या नांवानें.

रेयेसचा सोबती फ्रान्सिस्को बुस्तामान्ते याची गोष्ट याहून कठीण आहे. २००२ सालीं कार्डिफ येथें स्पर्धा चालूं असतांना त्याची तान्ही मुलगी मायदेशीं वारल्याची बातमी त्यास मिळाली. तो खेळत राहिला, अंतिम सामन्यापर्यंत गेला, आणि स्ट्रिकलंडकडून १७–१५ असा हरला. त्यानंतर सोळा वर्षांच्या वू जिआ-चिंगपर्यंत कितीतरी नवे जगज्जेते झाले, आणि मध्यें दोन वर्षें स्पर्धाच भरली नाहीं. २०१० सालीं ती दोहा येथें पुन्हां भरली तेव्हां बुस्तामान्ते शेचाळीस वर्षांचा होता. अंतिम सामन्यांत त्यानें तैवानच्या कुओ पो-चेंग यास १३–७ असें हरविलें.