जंजिरा : राजपुरीच्या खाडीतले बेट

सिद्धेश्वरच्या माणसाला पाण्याचे अप्रूप नाही. पूर्णा नदीवरचे धरण आमच्या दारातच आहे. वर येलदरी, खाली सिद्धेश्वर. पाऊस बरा झाला की नजर पोहोचेल तिथवर पाणीच पाणी. पण हे गोडे पाणी. खारे पाणी आमच्यातल्या निम्म्या मंडळींनी पहिल्यांदा पाहिले ते राजपुरीच्या धक्क्यावर, दिवाळीच्या सुट्टीत.

बेटावर सुट्टी घालवायची कल्पना पोरांची होती. जून २०२४ मध्ये बार्बाडोसला भारताने टी-ट्वेंटीचा विश्वचषक जिंकला, तेव्हा टीव्हीवर मैदानासोबत तिथला निळा समुद्र आणि पांढरी वाळूही दिसली. पोरांनी ते बेट मनात धरून ठेवले. बार्बाडोस आमच्या खिशाला परवडणारे नव्हते. मुरूड-जंजिरा परवडणारे होते. हिंगोलीहून पनवेल, तिथून अलिबाग, रेवदंडा करत आम्ही मुरूडला पोहोचलो. या दोन बेटांचे एकमेकांशी काही नाते असेल, असे निघताना आमच्या ध्यानीमनीही नव्हते.

राजपुरीहून शिडाच्या होड्या किल्ल्याकडे सुटतात. पावसाळ्यात त्या बंद असतात. होडीत बसल्यावर पहिली गंमत कळते ती दरवाजाची. किल्ल्याचा मुख्य दरवाजा राजपुरीच्याच दिशेला आहे, पण तट आणि बुरुज असे बेतलेले की होडी अगदी जवळ येईपर्यंत तो दिसत नाही. पायरीला लागताना होडी लाटेवर वरखाली होते आणि खलाशी एकेकाला हात देऊन वर चढवतो. आमच्यातल्या एका बुजुर्गांनी तेवढ्या वेळात आयतुल कुर्सी पुरी केली.

आत वाटाड्याने अर्ध्या तासात सारे दाखवले. दरवाजावरचे शिल्प : एका वाघाने पंजांत, जबड्यात आणि शेपटीत मिळून सहा हत्ती धरलेले. कलाल बांगडी, चावरी आणि लांडा कासम या तीन प्रचंड तोफा. यांतली कलाल बांगडी ऐन उन्हातही फारशी तापत नाही, असे वाटाडे सांगतात. चारी बाजूंना खारा समुद्र असूनही आत गोड्या पाण्याचे दोन तलाव आहेत. सुरूलखानाचा ढासळलेला वाडा, पंचायतन पीर, मागच्या अंगाला दर्या दरवाजा. एकेकाळी इथे नांदते गाव होते, मोहल्ले होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वस्ती उठली आणि माणसे किनाऱ्यावर गेली. आता घरांच्या जोत्यांवर झाडोरा माजला आहे.

वाटाडा सांगत होता, "हा किल्ला कुणालाच जिंकता आला नाही." मग महाराजांच्या स्वाऱ्या, संभाजी राजांचा बांध, सिद्दीचे क्रौर्य. ऐकता ऐकता आमच्यातल्या एका दहा वर्षांच्या पोराने हळूच विचारले, "अब्बा, आपण कोणाच्या बाजूचे?"

त्याच्या बापाने काहीच उत्तर दिले नाही. पुढचे आम्ही लिहितो आहोत ते त्याच प्रश्नाखातर.

आधी नाव. अरबीत 'जझीरा' म्हणजे बेट. बातम्यांची 'अल जझीरा' वाहिनी आणि आपला जंजिरा एकाच शब्दातून आले. हा शब्द केवळ सिद्दीचा राहिला नाही. मराठ्यांच्या कागदांतही पाण्यातल्या किल्ल्याला जंजिराच म्हणतात : जंजिरा विजयदुर्ग, जंजिरा सिंधुदुर्ग. 'सिद्दी' शब्दाचे मूळ 'सय्यदी', म्हणजे माझे मालक, असे मानतात. हबश म्हणजे आजचा इथिओपिया आणि भोवतालचा मुलूख, तिथला तो हबशी. (आमच्यातल्या एकाने सिद्दीचा संबंध सिद्धेश्वराशी जोडून पाहिला. संबंध नाही. पण होडीत सगळे हसले.)

बेटाचे पहिले मालक कोळी. परंपरा सांगते की समुद्री लुटारूंपासून बचाव म्हणून राजपुरीच्या कोळ्यांनी इथे लाकडी मेढेकोट उभारला, राम पाटील त्यांचा मुख्य. तो निजामशाही अधिकाऱ्यांना जुमानेना, तेव्हा पिरमखान व्यापाऱ्याच्या वेशात आला, दारूची पिंपे उतरवण्याची परवानगी मागितली आणि पिंपांतून सैनिक बाहेर पडले. कथेत पदरची भर किती, हे ज्याने त्याने ठरवावे. मेढेकोटाच्या जागी दगडी कोट उभा राहिला तो सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अहमदनगरच्या निजामशाहीत.

आणि इथे आमच्या मराठवाड्याचा माणूस येतो. मलिक अंबर. इथिओपियात जन्मलेला, लहानपणी विकला गेलेला, बाजार बदलत बदलत अहमदनगरला पोहोचलेला. त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगेजखान स्वतः एकेकाळचा हबशी गुलाम होता. पुढे या अंबरने बुडती निजामशाही सावरली, मोगलांना जेरीस आणले, १६१० मध्ये खडकी वसवली (तीच पुढे औरंगाबाद आणि आज छत्रपती संभाजीनगर), जमिनीची मोजणी करून साऱ्याची घडी बसवली, शहरात नहरीने पाणी आणले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले. १६२६ मध्ये तो वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. मलिक अंबरच्याच काळात जंजिऱ्यावर हबशी सरदारांचा जम बसला.

आता बार्बाडोसकडे वळू. ज्या शतकांत हबशी पोरे तांबड्या समुद्रातून पूर्वेकडे विकली जात होती, त्याच शतकांत आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून सुमारे सव्वा कोटी माणसे जहाजांत कोंबून अटलांटिकपार पाठवली गेली. बार्बाडोस, जमैका आणि इतर बेटांवर त्यांना उसाच्या मळ्यांत जुंपले. तिथे गुलामाचा मुलगा गुलामच. हैतीच्या गुलामांनी बंड करून १८०४ मध्ये स्वतःचे राज्य स्थापले, तो अपवाद. आज त्या मळ्यांचे वाडे आणि साखरेच्या पवनचक्क्या पर्यटकांना दाखवतात. पूर्वेकडच्या गुलामीत वेगळी वाट होती. इथे गुलाम शिपाई व्हायचा, शिपायाचा सरदार, सरदाराचा राजा. म्हणून ही गुलामी बरी होती असे म्हणता येत नाही. विकले गेलेले सगळेच काही मलिक अंबर झाले नाहीत. पण विकत आणलेल्या माणसांच्या वंशजांनी तीनशेहून अधिक वर्षे एका बेटावर राज्य केले, ही गोष्ट बार्बाडोसला घडली नाही. आपल्या कोकणात घडली. वाटाड्याच्या अर्ध्या तासात ती कुठेच आली नाही.

सिद्दींची गादीही बराच काळ नुसती बापाकडून मुलाकडे गेली नाही. सरदार मिळून आपला मुख्य ठरवत. निजामशाही बुडाल्यावर १६३६ नंतर ते विजापूरकरांचे झाले आणि १६७१ च्या सुमारास मोगलांचे. त्या साली फत्तेखान किल्ला शिवाजी महाराजांच्या हवाली करायला निघाला, तेव्हा त्याच्याच माणसांनी त्याला कैद केले. मोगल आरमाराचा मान सिद्दीकडे आला, सुरतेच्या महसुलातून वर्षाची रक्कम बांधून मिळाली आणि सुरतेहून मक्केकडे जाणाऱ्या हाजींच्या जहाजांची राखण त्याच्यावर आली. जंजिरा अजिंक्य राहिला तो केवळ भिंतींच्या जोरावर नव्हे, हे आमचे मत. भिंती भक्कम होत्याच. पण समुद्राकडून रसद चालू होती आणि पाठीशी कायम कुणीतरी बडी सत्ता होती.

महाराजांनी किल्ल्यासाठी काय काय केले नाही? समोरच्या कांसा बेटावर पद्मदुर्ग बांधला. मोरोपंत पिंगळ्यांच्या मोहिमेत सोनकोळी लाय पाटलाने रात्रीच्या अंधारात तटाला शिड्या लावल्या. फौज वेळेवर आली नाही आणि पहाट झाली. महाराजांनी पाटलाला पालखीचा मान देऊ केला. दर्यावर्दी माणूस पालखी घेऊन काय करणार? मग त्याला गलबत मिळाले आणि त्या गलबताचे नाव 'पालखी' ठेवले, असे सांगतात. १६८२ मध्ये संभाजी राजांनी खाडीत दगड टाकून बेटापर्यंत बांध घालायला घेतला. मोगल कल्याणकडे उतरल्याने काम सोडावे लागले.

ही सारी लढाई हिंदू विरुद्ध मुसलमान अशी सांगितली जाते, तेव्हा काही माणसे गाळावी लागतात. शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान आणि दर्यासारंग होते. १६७९ मध्ये खांदेरीसाठी इंग्रजांशी लढला तो हाच दौलतखान. इंग्रजांच्या मदतीला आला तो सिद्दी. म्हणजे दर्यात मुसलमानासमोर मुसलमान होता. आणि सिद्दीच्या कचेरीत कोण होते? महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी चित्रे यांचे वडील सिद्दीच्या पदरी होते. सिद्दीनेच त्यांना ठार केले, असे बखरी सांगतात. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे भट घराणे श्रीवर्धनचे, सिद्दीच्या मुलखातले. सिद्दीच्या जाचाने तेही देशावर आले. पद्मदुर्गाला वेळेवर रसद न पाठवणाऱ्या आपल्याच एका ब्राह्मण अधिकाऱ्याला महाराजांनी १६७५ च्या सुमारास खरमरीत पत्र लिहिले आणि हबशाने तुम्हाला काही दिले की काय, असा जाब विचारला. सिद्दी जौहर या मालिकेत बसत नाही, हेही इथेच सांगून टाकू. पन्हाळ्याला वेढा घालणारा जौहर विजापूरचा सरदार होता, जंजिऱ्याचा नव्हे. आमच्यातल्या शिक्षकांनीही दोघांची गल्लत केली होती.

तर मग सिद्दी आपला म्हणून त्याचे सारे गोड मानायचे का? तसेही नाही. खाफी खान हा मोगलांच्याच बाजूचा इतिहासकार. १६७१ च्या होळीच्या रात्री सिद्दीने दंडा-राजपुरी परत घेतली, त्यानंतरच्या किल्ल्यांविषयी तो लिहितो की अभय देऊन बाहेर काढलेल्या पुरुषांना मारले आणि पोराबाळांना गुलाम केले. गुलामांच्या वंशात जन्मलेल्यांनी दुसऱ्यांची मुले गुलाम करावी! १७२७ मध्ये सिद्दी सातने चिपळूणजवळचे परशुरामाचे देवस्थान फोडले. १७३६ मध्ये चिमाजी अप्पांनी त्याला लढाईत मारले. हे लपवले तर वाटाड्यात आणि आमच्यात फरक तो काय? आणि याच सिद्दी याकूतने १६८९ मध्ये मुंबईत उतरून माझगाव घेतले आणि इंग्रजांना वर्षभर किल्ल्यात कोंडले. औरंगजेबाकडे माफी मागून दीड लाख रुपये दंड भरल्यावरच इंग्रज सुटले. हाही तोच माणूस.

पुढे पेशव्यांनी सिद्दीचा बराच मुलूख काढून घेतला. रायगड १७३३ मध्ये परत गेला. इंग्रजी अमलात जंजिरा लहानसे संस्थान झाले. नबाब सिद्दी अहमदखान (१८७९ ते १९२२) यांच्या काळात मुरूडला समुद्रावर राजवाडा झाला. गारंबीच्या जंगलात धरण बांधून मुरूडला पाणी आले. धरणाकाठच्या आम्हाला किल्ल्याच्या खालोखाल हेच अधिक आवडले. नबाबांच्या बेगम नाझली रफिया सुलतान या मुंबईच्या फैजी घराण्यातल्या, आतिया फैजींची बहीण. १९०८ मध्ये त्या युरोपला गेल्या आणि त्या प्रवासाचे वर्णन त्यांनी उर्दूत लिहिले. प्रवासवर्णन लिहिणाऱ्या मुसलमान बायकांत त्यांचे नाव अगदी आधी घ्यावे लागते. आमच्या वार्षिकांतल्या लेखिकांनी मुरूडला गेल्यावर राजवाड्याकडे एकदा या नजरेने पाहावे. वाडा खासगी आहे, रस्त्यावरूनच पाहायचा.

जानेवारी १९४८ च्या अखेरीस नानासाहेब पुरोहित, मोहन धारिया यांच्यासारख्या तरुणांच्या चळवळीने संस्थानात प्रवेश केला, नबाबांनी सही केली आणि मार्चमध्ये जंजिरा मुंबई प्रांतात विलीन झाला. हे वाचताना मराठवाड्याच्या मुसलमानाला आपले साल आठवल्याशिवाय राहत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पोलीस ॲक्शन झाली. रझाकारांनी जे केले ते केलेच. पण नंतर ज्यांचा निजामाशी नावापुरताही संबंध नव्हता, त्या खेड्यापाड्यांतल्या मुसलमानांनाही त्याची किंमत मोजावी लागली. सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत आमच्या शेजारचा नांदेड धरला आहे, आणि हा अहवाल लोकांसमोर खुला व्हायला २०१३ उजाडले. राजा मुसलमान होता म्हणून रयतेतला मुसलमान राजा होत नाही. 'आपण कोणाच्या बाजूचे' हा प्रश्न दहा वर्षांच्या पोराला पडतो, तो उगाच नव्हे.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग त्यात आहेत. जंजिरा त्यात नाही, आणि मराठ्यांचा नव्हता म्हणून असायचेही कारण नाही. पण आफ्रिकेच्या माणसांनी भारतात केलेल्या राज्याची खूण म्हणून त्याच्यासाठी स्वतंत्र मागणी कुणी करायला हरकत नव्हती.

परतताना आम्ही खोकरीला थांबलो. राजपुरीच्या पुढे थोडे आत गेले की सिद्दींचे तीन दगडी मकबरे लागतात : सुरूलखानाचा सर्वांत मोठा, शेजारी याकूतखान आणि खैर्यतखान या भावांचे. पर्यटकांच्या गाड्या इकडे फारशा वळत नाहीत. जाळीच्या खिडक्या, कमानी, आत गारवा, भोवती माडपोफळीच्या वाड्या. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने या किनाऱ्यावरच्या कितीतरी वाड्या झोपवल्या. नव्या लावलेल्या पोफळी आता कुठे माणसाच्या उंचीला आल्या आहेत. आम्ही फातिहा पढली. पोराने कबरी मोजल्या आणि बापाला विचारले, "हे लोक परत आपल्या गावाला का नाही गेले?"

बापाने या वेळी उत्तर दिले. "हेच त्यांचे गाव झाले होते."